मौनी रविवार

'वाळवंट' हा शब्द सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाकडे प्रथम पंढरपूरहून येतो. चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला, अनवाणी पायांना गार लागणारा वाळूचा पट्टा. तेथे माणसे जमतात, कीर्तने होतात, फडकरी उभे राहतात, हरवलेली पोरे सापडतात. आमच्या भाषेतले हे वाळवंट नदीच्या कुशीत आहे. ते निर्जन नाही आणि निर्जलही नाही. पुढे शाळेच्या भूगोलाने सहारासाठी आणि थरसाठी तोच शब्द वापरायला शिकवले, आणि दोन परस्परविरोधी अर्थ एकाच शब्दात शेजाऱ्यांसारखे नांदू लागले. संतकाव्य शिकवताना हा मुद्दा मी दरवर्षी वर्गात सांगत आले आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका डोंगरावर सायकल चालवत असताना या शब्दाचा तिसरा अर्थ मला भेटला. त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

मी तेथे पर्यटनासाठी गेले नव्हते. धाकट्या बहिणीचे बाळंतपण होते. आई असती तर ती गेली असती. ती नव्हती म्हणून महाविद्यालयातून रजा काढून मी गेले. फीनिक्स महानगराच्या आग्नेयेला चँडलर नावाचे गाव आहे, तेथे बहिणीचे घर. पहिले तीन आठवडे डिंकाचे लाडू, बाळाची आंघोळ आणि रात्रीची जागरणे यांत गेले. दुपारी बाळ झोपले की मी खिडकीतून रस्ता पाहत असे. रुंद, स्वच्छ, सरळ रस्ता, आणि त्यावर तासन्‌तास एकही चालणारे माणूस नाही. मोटारी मात्र अखंड. आपल्याकडे रस्ता माणसांनी इतका भरलेला असतो की वाहनाला वाट काढावी लागते. तेथे माणसालाच रस्त्यावर येण्यासाठी वाहन लागते. मला त्या रस्त्याची भीती वाटली नाही असे म्हणवत नाही. पण रस्त्याच्या भीतीची माझी ओळख त्याहून जुनी होती.

माझे वडील शिक्षक होते. काळी, चोवीस इंची, मागे कॅरिअर आणि पुढे डायनॅमोचा दिवा असलेली सायकल त्यांनी तीस वर्षे वापरली. त्याच सायकलच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून मी सायकल शिकले आणि पुढे सातवीपासून एम्.ए.पर्यंत सायकलवरच गेले. २००६ साली, निवृत्तीनंतर, शहराबाहेरच्या महामार्गाच्या कडेने येत असताना एका टेम्पोची बाजू त्यांच्या हँडलला लागली. मांडीचे हाड मोडले. टेम्पो थांबला नाही. नंतर ते काठी घेऊन चालू लागले, पण सायकलवर पुन्हा बसले नाहीत. बोळात भिंतीला टेकवलेली ती सायकल ते आठवड्यातून एकदा पुसत आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालीत. २०१४ मध्ये ते गेले तोवर हे चालू होते. मी त्या अपघातानंतर महिन्याभरात स्कूटी घेतली. माझ्या मुलाला गल्लीच्या तोंडापलीकडे सायकल न्यायची मनाई होती, आणि ती मनाई मी कधी कारण सांगून केली नाही. आपल्या घरात काही नियम असे असतात की त्यांचे स्पष्टीकरण मागणे हाच अपराध ठरतो.

त्यामुळे चौथ्या आठवड्यात मेहुणे म्हणाले, "ताई, रविवारी डोंगरावर सायकलने जाऊ या, तुम्ही महिनाभर घराबाहेर पडला नाहीत," तेव्हा मी सरळ नाही म्हटले. ते हसले. "त्या दिवशी तिथे गाडी नसते. एकही नसते."

डोंगराचे नाव अगदीच रुक्ष आहे: साउथ माउंटन, म्हणजे दक्षिणेचा डोंगर. शहराच्या दक्षिणेला आहे म्हणून. फीनिक्स नगरपालिकेने १९२४ साली संघराज्य सरकारकडून सुमारे तेरा हजार एकर जमीन सतरा हजार डॉलरना विकत घेतली आणि तेथे उद्यान केले. आज त्याचा विस्तार सोळा हजार एकरांहून अधिक आहे. 'उद्यान' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजे आणि 'फुले तोडू नयेत'ची पाटी येते. येथे उद्यान म्हणजे उघडावाघडा, दगडी, काटेरी डोंगर, आणि त्यावरून जाणारी एक डांबरी सडक. त्या काळी दर महिन्याच्या चौथ्या रविवारी ही सडक मोटारींना बंद असे. त्या दिवसाला तेथे 'सायलेंट संडे' म्हणत. मी मनात त्याचे भाषांतर 'शांत रविवार' असे केले, ते आवडले नाही. मग 'मौनी अमावास्ये'च्या चालीवर 'मौनी रविवार' असे केले, आणि तेच राहिले.

रविवार २४ फेब्रुवारी. त्या आठवड्यात ॲरिझोनात मोठे वादळ होऊन गेले होते. उत्तरेकडील फ्लॅगस्टाफ गावी २१ तारखेच्या एका दिवसात जवळपास छत्तीस इंच बर्फ पडले होते आणि फीनिक्सच्या खोऱ्यात पाऊस. सकाळी दोन सायकली मोटारीच्या मागच्या रॅकला बांधून आम्ही निघालो. मोटारी नसलेल्या सडकेवर पोहोचण्यासाठी पंचवीस-तीस किलोमीटर मोटारीने जावे लागले, यातली विसंगती मेहुण्यांच्याही लक्षात होती. "बाराशे रुपयांचं तिकीट काढून शांतता बघायला जाण्यासारखं आहे," ते म्हणाले. फाटकाबाहेर वाहनतळ होता आणि तो भरलेला होता. त्यापुढे एक आडवा अडसर. अडसराच्या अलीकडे इंजिनांची घरघर आणि दारे लावल्याचे आवाज. पलीकडे मुले, म्हातारी माणसे, बाबागाड्या, चाकांच्या बुटांवरून घसरत जाणाऱ्या मुली, कुत्री, आणि सायकली. एखाद्या देवळाच्या उंबरठ्याने आत-बाहेर वेगळे करावे तसे त्या लोखंडी दांडीने केले होते.

मी सायकलवर बसले ते तेरा वर्षांनी. शरीर काही गोष्टी विसरत नाही हे खरे. पण शरीर भीतीही विसरत नाही, हे त्या पहिल्या शंभर मीटरांत कळले. मी सडकेच्या अगदी उजव्या कडेला, जवळजवळ खडीत चालवत होते आणि दर काही क्षणांनी मागे वळून पाहत होते. मागून काहीच येत नव्हते. तरी मान वळत होती. मेहुणे पुढे जाऊन थांबत, मी पोहोचले की पुन्हा निघत. ते काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पहिल्या वळणानंतर वास आला. पाऊस पडून गेलेल्या या प्रदेशाला एक स्वतंत्र वास असतो. तो मातीचा नव्हे, क्रिओसोट नावाच्या झुडपाचा. त्याची पाने चिकट, राळेसारखा थर असलेली असतात. ओल लागली की तो तीव्र, औषधी दर्प हवेत पसरतो. मृद्‌गंधाविषयी आपल्या कवितेत काय कमी लिहिले गेले आहे? पण येथे मातीच्या जागी पानाने पाऊस सांगितला. मग एकेक झाड दिसू लागले. पालो व्हेर्दे: नावाचा अर्थच 'हिरवी काठी', कारण त्याची सालच हिरवी असते आणि पाने गळून गेल्यावर अन्न तयार करण्याचे काम ही सालच करते. सग्वारो: तो प्रचंड, खांबासारखा निवडुंग. पहिल्या आठ-दहा वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो. त्याला पहिली फांदी फुटायला पन्नास ते सत्तर वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आणि तो दीडशे वर्षांपलीकडे जगू शकतो. एका सग्वारोला नुकता फांदीचा कोंब आला होता. तो माझ्या वडिलांच्या वयाचा असावा.

आणि मेस्किट. ते झाड पाहून मी थांबलेच. नाजूक संयुक्त पाने, पिवळसर शेंगा, काटे. ही तर आमची वेडी बाभूळ! आमच्याकडे ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली, अमेरिकेतून आणलेली. आम्ही तिला वेडी म्हणतो, कारण ती आमच्याकडे कोणाचे ऐकत नाही. येथे तिच्या भावंडाच्या शेंगांचे पीठ करून माणसे शतकानुशतके जगली. एकच कुळ आपल्या गावी अन्न असते आणि परगावी उपद्रव ठरते. परदेशी स्थायिक झालेल्यांविषयी आपण ज्या गोष्टी बोलतो त्यांत हीही घालायला हरकत नाही.

चढ सुरू झाला. फाटकापासून डॉबिन्स लुकआउट या माथ्यावरच्या जागेपर्यंत आठ-नऊ किलोमीटर. उंची २,३३० फूट, म्हणजे पायथ्यापासून साधारण हजार फुटांची चढण. माझ्यासारखीला ती पुरेशी होती. सर्वांत खालच्या गिअरवर, घोटाभर पुढे सरकल्यासारखे वाटत, मी पायडल मारत होते. अशा वेळी माणूस सडक फार जवळून पाहतो. ही सडक डोंगर कापून गेलेली नाही. ती डोंगराच्या प्रत्येक घडीला विचारून, वळत वळत वर गेली आहे. कडेला हाताने रचलेल्या दगडी भिंती आहेत. १९३० च्या दशकातील महामंदीत रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरने या उद्यानातील बरेच बांधकाम केले. त्या मुलांना महिना तीस डॉलर मिळत आणि त्यातले पंचवीस थेट घरी पाठवले जात. हे मेहुण्यांनी सांगितले तेव्हा मला बहात्तरच्या दुष्काळातली आमच्या भागातली कामे आठवली. आमच्या आजीने खडी फोडली होती, आणि माझ्या आजोळी जाणारा रस्ता त्या वर्षी झाला. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. भुकेच्या काळात बांधलेल्या रस्त्यांना एक विनय असतो, असे मला उगाचच वाटते. घाई असणाऱ्यांनी ते बांधलेले नसतात.

मध्येच केव्हातरी माझ्या लक्षात आले की मी बराच वेळ मागे वळून पाहिलेले नाही. मी सडकेच्या मधोमध होते. आणि मला ऐकू येत होते. चेनचा आवाज, माझा श्वास, कोठेतरी एका पक्ष्याची कर्कश साद, मागच्या वळणावर दोन बायकांचे स्पॅनिशमधले हसणे, खूप खाली एका लहान मुलाने वाजवलेली सायकलची घंटी. मौनी रविवारी निःशब्दता नव्हती. आवाजांना परस्परांमधले अंतर परत मिळाले होते. मोटारीचा आवाज मोठा असतो म्हणून तो वाईट, असे आपण समजतो. त्याहून वाईट हे की तो सर्व आवाजांना एकाच अंतरावर आणून ठेवतो. दूर आणि जवळ हा भेदच नाहीसा होतो. मौन म्हणजे बोलणे थांबणे, ही व्याख्या मी वर्गात अनेकदा दिली आहे. मौन म्हणजे ऐकण्याला जागा मिळणे, हे मला तेथे प्रथम अनुभवाने कळले.

माथ्यावर दगडी निवारा आहे, तोही त्याच पोरांच्या काळातला. तेथून उत्तरेला सारे फीनिक्स दिसते. बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले, क्षितिजापर्यंत सपाट पसरलेले शहर, आणि त्यामागे दूरच्या डोंगरांवर त्या दिवशी चक्क बर्फ. या शहराच्या नावात राखेतून उठणारा पक्षी आहे, कारण ते एका जुन्या संस्कृतीच्या अवशेषांवर उभे राहिले. ज्यांना होहोकाम म्हटले जाते त्या लोकांनी या खोऱ्यात शेकडो मैलांचे कालवे खणले होते, आणि नव्या वसाहतीने आरंभी त्यांच्याच मार्गांवर आपले कालवे काढले. या डोंगराच्या काळ्या, चकाकत्या खडकांवर त्यांनी ठोकून काढलेली चित्रे आहेत: सर्पिल, चतुष्पाद, माणसे.

डोंगराच्या दक्षिण बाजूला, लगतच, गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची भूमी सुरू होते. तेथील अकिमेल ओओधाम लोक स्वतःला होहोकामांचे वंशज मानतात. त्यांच्या नावाचा अर्थ 'नदीचे लोक'. वाळवंटात राहणारे नदीचे लोक! मला एकदम चंद्रभागा आठवली. आमच्या शब्दात जे दोन अर्थ भांडत होते ते या लोकांच्या नावात एकत्र नांदत होते. पण त्यांची गिला नदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्यांनी पाणी वळवल्यामुळे आटली, आणि तिच्या पाण्यावरच्या हक्काची कायदेशीर तड लागायला २००४ साल उजाडले. नदी नसलेले नदीचे लोक. हा डोंगर त्यांच्या भाषेत मुहादागी दोआग; त्यांच्या सृष्टिकथेत त्याला स्थान आहे आणि तो त्यांना पवित्र आहे. ज्याला शहराने 'दक्षिणेचा' म्हटले तो त्यांच्या उत्तरेला आहे, एवढी साधी गोष्टही नकाशावर बोट ठेवल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नव्हती.

"मागच्या बाजूला नवा फ्रीवे होतोय," मेहुणे म्हणाले. डोंगराच्या नैर्ऋत्य टोकाच्या सोंडा कापून बावीस मैलांचा, आठ पदरी महामार्ग तयार होत होता. त्याच्या योजनेला मतदारांनी १९८५ मध्येच मान्यता दिली होती. गिला रिव्हर समाजाने विरोध केला, न्यायालयात गेले, २०१७ च्या अखेरीस अपिलातही हरले. उद्यानाची गेलेली जमीन तीस एकरांच्या आसपास, सोळा हजारांच्या हिशेबात नगण्य. पण सोंड कापलेल्या गणपतीचे क्षेत्रफळ कोणी मोजत नाही.

उतरताना मला वडील आठवले. उतार तीव्र, वळणे आंधळी, आणि दोन्ही ब्रेकवर बोटे. वेग वाढला तसे पोटात काहीतरी गोळा झाले. तीच जुनी, ओळखीची गोष्ट. मी तिच्याकडे नीट पाहिले. पडण्याची भीती होती, पण ती लहान होती, हसून सांगता येईल एवढी. जी मोठी होती ती येथे आलीच नव्हती. तेरा वर्षे मी समजत होते की मला सायकलची भीती वाटते. सायकलची भीती वाटत असती तर वडिलांनी तिला झेंडूचा हार का घातला असता? त्यांना हे ठाऊक होते. त्यांनी सायकल सोडली नव्हती. त्यांच्याकडून रस्ता काढून घेतला गेला होता. आणि मी त्यांची मुलगी, रस्त्यावर राग धरायचा सोडून सायकलवर धरून बसले, कारण सायकल बोळात होती, हाताशी होती आणि बंद करता येत होती. एका वळणावर मी थांबले. डोळ्यांत पाणी आले होते, ते वाऱ्याने, असे मी मेहुण्यांना सांगितले.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न आपल्याला परका नाही. आषाढवारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो आणि ती नागमोडी सडक चालणाऱ्यांची होते. तेव्हा आपण म्हणत नाही की वाहतुकीला अडथळा झाला; आपल्याला वाटते, आज हा रस्ता खऱ्या अर्थाने रस्ता झाला. मौनी रविवार आणि वारी यांची तुलना फार ताणणार नाही. तेथे श्रद्धा आहे, येथे फुरसत. शिवाय त्या अडसरापलीकडे जाण्यासाठी मोटार, सायकल आणि मोकळा रविवार या तिन्ही गोष्टी जवळ असाव्या लागतात. पण दोन्हींकडे एक सत्य समान आहे: रस्ता बंद करता येतो. वाहनांचा प्रवाह हा नदीसारखा निसर्गनियम नाही. नदी वळवणाऱ्यांनी तर निसर्गनियमही मानला नाही. रस्ता बंद कोणासाठी करायचा हे कोणीतरी ठरवते. आमच्यासारख्या रविवारच्या पाहुण्यांसाठी एक सडक महिन्यातून एक दिवस मिटली. ज्यांचा तो डोंगर, त्यांच्यासाठी एक महामार्ग एक दिवसही अडला नाही. तो डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाला.

२०२३ च्या अखेरीस मी पुन्हा बहिणीकडे गेले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग एकतीस दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर होता. सोलापूरकराला उन्हाचे आकडे सांगून कोणी घाबरवू शकत नाही, पण हा आकडा ऐकून मीही गप्प झाले. शहराच्या पश्चिमेकडे एका परिचितांकडे जेवायला जायचे होते. आम्ही त्याच महामार्गाने गेलो, आणि डोंगराच्या कापलेल्या सोंडांमधून जायला दोन मिनिटेही लागली नाहीत. दोन्ही बाजूंना ताजा, फिकट खडक उघडा पडला होता. काळी चकाकी यायला हजारो वर्षे लागतात. गाडीत भाचा गाणे म्हणत होता. मी काही बोलले नाही. ते मौन वेगळे होते.

त्या पहिल्या प्रवासाहून परतल्यावर, जूनमध्ये शाळा सुरू होताना, मी मुलाला सायकल घेऊन दिली. तो तेव्हा आठवीत जाणार होता. तो गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि त्याने मागे वळून पाहिले. मी मान हलवली. पुढे पाच वर्षे तो रोज सायकलने गेला. सुदैवाने काही झाले नाही. पण यावरून रस्ता सुरक्षित होता असे सिद्ध होत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला मी फाटकाशी येऊन उभी राहत असे, आणि गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजेपर्यंत सोलापुरातले सगळे आवाज मला एकाच अंतरावरून ऐकू येत.